घसा दुखतोय? टॉन्सिल, साधी सर्दी की घटसर्प, हे असं ओळखा

सोलापूर : पोराला ताप आला, घास गिळवत नाही म्हटलं की घरात पहिला शब्द निघतो, "टॉन्सिल वाढल्यात." मग मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या येतात. त्याआधी घशात एकदा नीट बघा.

मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि "आ" म्हणायला सांगा. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या गाठी म्हणजे टॉन्सिल. त्या सगळ्यांनाच असतात आणि लहान मुलांत मोठ्याच दिसतात. ताप नाही, दुखत नाही, तर नुसत्या मोठ्या गाठी हा आजार नव्हे.

घशाचे बहुतेक आजार विषाणूंचे असतात. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल झालेत, तर बहुधा तेच. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, एवढ्यावर आठवडाभरात बरं वाटतं.

दुसरा प्रकार स्ट्रेप्टोकोकस जंतूचा. डॉक्टर चार गोष्टी बघतात : ताप १००.४ च्या वर, खोकला अजिबात नाही, जबड्याखालच्या गाठी दाबल्यावर दुखतात, टॉन्सिल सुजून त्यावर पांढरे-पिवळे ठिपके. ५ ते १५ वर्षांच्या मुलात यातल्या तीन-चार दिसल्या तर दवाखाना गाठा. चारही असल्या तरी जवळपास निम्म्याच रुग्णांत हा जंतू निघतो, म्हणून जमेल तिथे घशाचा स्वॅब तपासलेला बरा.

एवढी काळजी घशासाठी नाही, काळजाच्या झडपांसाठी आहे. हा घसा अर्धवट सोडला तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे सांधे सुजतात. आज गुडघा, उद्या घोटा. हा संधिवाताचा ताप. त्यात झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. घसा दुखायला लागल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तर हे टळतं. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा कोर्स सहसा १० दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागलं की गोळ्या फडताळात जातात, आणि घोटाळा तिथेच होतो.

आता घटसर्प. टॉन्सिलवर राखाडी, चिवट पापुद्रा दिसतो, पुसायला गेलं तर रक्त येतं. ताप फार नसतो, पण मूल मलूल पडतं, मान बैलासारखी सुजते. पापुद्रा खरवडू नका, तासभरही थांबू नका. प्रतिविष द्यावं लागतं, ते मोठ्या रुग्णालयातच. आपल्या जिल्ह्यात त्यासाठी सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलेंट, मग १६ ते २४ महिने आणि ५ ते ६ वर्षांचे डीपीटी बूस्टर, १० व १६ वर्षांची टीडी ही लस यापासून वाचवते. ऊसतोडीला फडावर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे बूस्टर हमखास राहतात. लसीकरण कार्ड सोबत ठेवा. राहिलेला डोस ज्या गावात मुक्काम असेल तिथल्या आशाताईंना सांगितला तरी मिळतो.

तोंड उघडत नाही, लाळ गळतेय, आवाज घोगरा होऊन एकाच बाजूला जास्त दुखतंय, म्हणजे टॉन्सिलमागे पू झाला असण्याची शक्यता. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर घशात चमचा घालून बघूच नका. मुलाला बसतं ठेवा आणि १०८ ला फोन करा. पडजीभ बोटाने दाबून घेणं तर कोणत्याही वेळी नको. जखम होते, जंतू आत जातात.

ऑपरेशन लगेच लागत नाही. वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं ५-५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं ३-३ वेळा असा घसा सुजला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांशी बोला. झोपेत घोरताना मुलाचा श्वास अडत असेल, तर मात्र हा आकडा पूर्ण होण्याची वाट बघू नका.