विरजणापासून पुडीपर्यंत

आमच्या गटातल्या एका ताईंच्या तीन वर्षांच्या मुलाला इसब आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत खाजवून खाजवून रक्त येतं. कुणीतरी त्यांना सांगितलं, मलम बंद कर, प्रोबायोटिकची पुडी सुरू कर. पुडी महाग, म्हणून त्या गटाकडे कर्ज मागायला आल्या. त्यानिमित्ताने ही पुडी आली कुठून ते मी शोधलं.

प्रोबायोटिक म्हणजे आरोग्याला उपयोगी पडणारे जिवंत जिवाणू. आपल्या विरजणातही जिवाणूच असतात. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियाच्या तरुणाने जिनिव्हात शिकताना आपल्या देशाच्या दह्यातला जिवाणू शोधला. मग पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले मेचनिकॉव्ह सांगू लागले, की बल्गेरियाचे शेतकरी आंबट दुधामुळे दीर्घायुषी होतात. १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, पण ते दह्यासाठी नव्हे, रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. जाहिरातवाले हे सांगत नाहीत!

इसबाशी नातं जुळलं ते फिनलंडमध्ये. तुर्कू शहरातल्या डॉक्टरांनी, ज्यांच्या घरात इसब, दमा अशी ॲलर्जी होती अशा गरोदर बायांना बाळंतपणाआधी काही आठवडे एका खास जिवाणूच्या कॅप्सूल दिल्या, आणि पुढे सहा महिने ते देणं चालू ठेवलं. काहींना नुसती दिसायला तशीच, जिवाणू नसलेली कॅप्सूल दिली. २००१ साली निकाल छापून आला. दोन वर्षांची होईपर्यंत जिवाणूवाल्या ६४ मुलांपैकी १५ जणांना इसब झाला, दुसऱ्या ६८ पैकी ३१ जणांना. जवळजवळ निम्माच! जगभर आशा पसरली. पण २००८ मध्ये जर्मनीत तोच जिवाणू देऊन पाहिला, तर काही फरक दिसला नाही.

शिवाय हे सगळं इसब होऊ नये म्हणून होतं. झालेला इसब बरा करणं वेगळं. त्यावरचे ३९ अभ्यास २०१८ साली एकत्र तपासले गेले. या जिवाणूंनी खाज आणि चट्टे फारसे कमी होत नाहीत, असंच निघालं.

दही-ताक जरूर खा, ते चांगलं अन्न आहे. पण त्या अभ्यासांतले जिवाणू ठरावीक जातीचे, मोजून दिलेले होते. आपल्या विरजणात तेच असतील असं नाही.

ताईंना आम्ही कर्ज दिलं, पण पुडीसाठी नाही, तालुक्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला. मलम पुन्हा सुरू झालंय. आंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच त्या मुलाला डॉक्टरांनी दिलेलं क्रीम चोळतात.