सव्वातीनशेची कुळकथा

अंगदुखीच्या गोळ्यांच्या पट्टीमागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं : आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. चारशे समजू शकतो. पण हे सव्वातीनशे कुठून आलं?

‘प्रयोगशाळेत तेवढीच मात्रा योग्य ठरली असणार’, असं उत्तर हमखास मिळतं. मला ते पटत नाही. अ‍ॅस्पिरीनची नेहमीची गोळी अमेरिकेत ३२५ ची, इंग्लंडात ३०० ची, जर्मनीत ५०० ची. तीन देशांतली डोकी काही तीन तऱ्हांनी दुखत नाहीत.

माझ्या मते हा आकडा खलबत्त्यातून आला. कारखान्याच्या गोळ्या येण्याआधी विलायतेतला औषधविक्या डॉक्टरची चिठ्ठी बघून एकेका रोग्यासाठी गोळ्या स्वतः वळायचा. औषधाची पूड खलात घ्यायची, मध किंवा ग्लुकोजचा पाक घालून घट्ट मळायची. रेघा आखलेल्या फरशीवर त्याची लांब वळी करायची, रेघांवर धरून सारखे तुकडे पाडायचे आणि बोटांनी गोल करायचे. एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वरून ज्येष्ठमधाची पूड.

त्याचं वजनाचं माप होतं ग्रेन, म्हणजे दाणा. २० ग्रेनचा स्क्रुपल, ३ स्क्रुपलांचा ड्रॅम, ८ ड्रॅमचा औंस. दाणा गव्हाचा की जवाचा, यावर मात्र वाद आहे. गहूवाले जुन्या इंग्रजी कायद्याकडे बोट दाखवतात : पेनीचं वजन कणसाच्या मधल्या गव्हाच्या ३२ दाण्यांइतकं. पण पेनीवेट या वजनात ग्रेन असतात २४. आता जुना हिशेब घ्या, ४ गहू म्हणजे ३ जव. ३२ गव्हांचे जव किती? नेमके २४! मी जवाच्या बाजूचा.

आजच्या मापात ग्रेन भरतो ६४.८ मिलिग्रॅम. हाताने वळलेली गोळी पाच ग्रेनपर्यंतच ठेवावी, असा या धंद्यातला दंडक. त्याहून मोठी घशाखाली उतरत नाही. पाच ग्रेन म्हणजे ३२४ मिलिग्रॅम. अमेरिकेने ग्रेन ६५ चा धरला, झाले ३२५. इंग्रजांनी ६० चा धरला, झाले ३००. जर्मन आधीपासून ग्रॅमवाले, त्यांनी सरळ अर्धा ग्रॅम घेतला. रक्त पातळ राहावं म्हणून घ्यायची अ‍ॅस्पिरीनची छोटी गोळी अमेरिकेत ८१ ची आणि आपल्याकडे ७५ ची का, तेही इथेच उलगडतं. एक ३२४ चा चतकोर, दुसरा ३०० चा. आपण कुणाच्या घरातले, हे औषधाच्या दुकानातही कळतं.

पॅरासिटामॉलची ५०० ची गोळी या हिशेबात बसत नाही, हे कबूल. पण ती ब्रिटनमध्ये आली १९५६ साली. तोवर गोळ्या यंत्रावर निघत होत्या. त्या यंत्राचा मूळपुरुषही गमतीदार. विल्यम ब्रॉकेडन हा इंग्रज चित्रकार. पेन्सिलीसाठी ग्राफाइटची भुकटी साच्यात दाबायची त्याची युक्ती होती, आणि १८४३ च्या त्याच पेटंटात त्याने गोळ्याही बसवल्या.

आपल्याकडेही दाण्याने औषध मोजतच होते : गुंजेने. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. इंग्रज सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, तेव्हा गुंज आपसूक १.८७५ ग्रेनची, म्हणजे सुमारे १२१.५ मिलिग्रॅमची झाली. पुढे भारत सरकारच्या आयुर्वेदीय सूत्रसंग्रहात ती १२५ धरली गेली. विलायती दाण्याला लावली तीच कात्री, फक्त इथे कापायच्या ऐवजी वाढवलं. आयुर्वेदिक वट्या २५० मिलिग्रॅमच्या इतक्या का दिसतात? माझं उत्तर : दोन गुंजा.

ग्रेन निरुपद्रवी मात्र नव्हता. चिठ्ठीवर त्याची खूण ‘जीआर’, ग्रॅमची नुसती ‘जी’. घाईत एकाचं दुसरं वाचलं, तर मात्रा पंधरापट चुकते.

२०११ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यकृताला इजा होऊ नये म्हणून चिठ्ठीवर मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांतल्या पॅरासिटामॉलला मर्यादा घालायचं ठरवलं. एकविसावं शतक, आकडा मिलिग्रॅममध्ये, आणि मर्यादा किती? प्रत्येक गोळीत ३२५.