भिंतीवाचून तुरुंग: स्वतंत्रपूरची हकिगत

मंडळी, जव्हार हे मुकण्यांचं संस्थान होतं, हे जव्हार-मोखाड्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच साली तिकडे साताऱ्याच्या बाजूचं औंध संस्थानही विलीन झालं. पण विलीन होण्याआधी औंधच्या राजानं एक काम करून ठेवलं होतं. ते आज तुम्हांला सांगायचं आहे.

राजांचं नाव भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा त्यांनी गावोगाव प्रसार केला. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं कारभार प्रजेच्या हाती सोपवला. या खटाटोपात त्यांच्याजवळ एक परदेशी माणूस होता, मॉरिस फ्रीडमन. मूळचा पोलंडचा, धर्मानं ज्यू, धंद्यानं इंजिनियर. बंगलोरच्या विजेच्या कारखान्यातलं काम सोडून हा गृहस्थ गांधीजींच्या मार्गाला लागला होता. त्यानं राजांपुढं जी कल्पना मांडली ती ऐकून भल्याभल्यांनी कपाळाला हात लावला असता. खुनासारख्या गुन्ह्यांत लांब शिक्षा झालेल्या कैद्यांना कोठडीबाहेर काढा, म्हणाला, आणि त्यांना जमीन कसायला द्या.

राजांनी ते मानलं. त्याच १९३९ साली आटपाडीजवळ वसाहत उभी राहिली. आटपाडी म्हणजे माणदेश. पाऊस बेताचा, जमीन माळाची. आपल्याकडे पावसाळ्यात डोंगर गळतो, तिथं ढगाकडे बघत बसावं लागतं! अशा ठिकाणी कैद्यांनी शेत पिकवायचं, भाजी काढायची, ती विकायची. आणि मुख्य गोष्ट अशी, की बायकापोरांसह राहायचं. वसाहतीचं नाव ठेवलं स्वतंत्रपूर. तुरुंगाला असं नाव देणारे लोक धीटच म्हणायचे.

या हकिगतीवरून १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची, ते त्याच मुलुखातले. चित्रपट नामी आहे, बर्लिनपर्यंत त्याचा गौरव झाला. पण त्यात सारं काही एका साधुपुरुष जेलरच्या नजरेवर चालतं, आणि सहा कैदी सडेफटिंग राहतात. आटपाडीला मुख्य गोष्ट निराळी होती. तिथं कैद्याची चूल पेटत होती. संध्याकाळी घरी पोर वाट पाहत असेल तर माणूस पळून कुठं जाणार? दयाळू जेलर निवृत्त होतो, बदलून जातो. व्यवस्था मात्र राहिली, म्हणूनच संस्थान गेलं तरी वसाहत मोडली नाही. ती महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे चालत आली.

तिथं जागा थोड्या, म्हणून निवडक कैद्यांनाच ती लाभते. बाकीचे ठाण्याच्या नाहीतर नाशिक रोडच्या तुरुंगातून थेट घरी येतात. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झाली तर साधारणपणे पुरी १४ वर्षं आत काढल्यावाचून सुटका नाही, असा कायदा १९७८ साली झाला. गुरुजी, १४ वर्षांचा हिशेब करून पाहा. पाळण्यातलं पोर आठवी-नववीला पोचतं. बाप एसटीतून मोखाड्याला उतरतो तेव्हा ते त्याला ओळखतही नाही. दिवाळीनंतर आला तर घराला कुलूप. बायको भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली. वरकस जमिनीवर नागली कोण लावतंय, तेही विचारावं लागतं. आणि त्याच पाड्यात दुसरं एक घर असतं, ज्यातला माणूस या माणसाच्या हातून गेलेला असतो. त्या घराला ‘झालं गेलं विसरा’ म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. सुटून आलेल्याला आधार देताना त्या घराकडेही कोणीतरी जाऊन बसलं पाहिजे, आणि ते आधी.

आता हाताशी काय आहे ते सांगतो. केवळ शिक्षा झाली म्हणून सातबाऱ्यावरचं नाव जात नाही. तलाठ्याकडे जाऊन उतारा काढून बघावा. तुरुंगात असताना मत देता येत नाही, सुटल्यावर येतं. तेव्हा मतदारयादीत नाव आहे की नाही हेही पाहावं. जमिनीचा वाद उभा राहिला तर १९८७ च्या कायद्यानं आदिवासी माणसाला, मिळकत कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा असतो. अर्ज लिहून देणं हे गुरुजींचं अर्ध्या तासाचं काम.

त्याहून अवघड काम पाड्याचं. पहिल्या पावसात लावणीला माणसं एकमेकांच्या शेतावर जातात, त्यात या माणसाला हाक मारायची की नाही? उपदेश करायला पुष्कळ जण येतात, पण बियाणं उसनं देणारा एखादाच निघतो. स्वतंत्रपूरच्या कैद्यांची भाजीही कोणीतरी पहिल्यांदा विकत घेतलीच असेल. ती घेऊन घरी गेलेल्या बाईचं नाव काही कुठं लिहून ठेवलेलं नाही.