रक्त कोणत्या साली घेतलं होतं?

मंडळी, ट्रॉयहून आय-७५ धरला की अर्ध्या-पाऊण तासात डेट्रॉइट. तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलातले डॉ. थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये एका विचित्र ॲनिमियाचं वर्णन केलं: फिकट मुलं, वाढलेली प्लीहा, बदललेली चेहऱ्याची हाडं. तोच आपला थॅलेसेमिया मेजर. पुढे या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त देऊन जगवता येऊ लागलं. पण त्या पिशवीतून आणखी काय येतं, हे कळायला फार वर्षं गेली.

आणि कळलं तेही वारंवार रक्त घेणाऱ्यांमुळेच, बरं का! डॉ. बारूख ब्लमबर्ग यांचा विचार साधा होता. ज्याने अनेकांचं रक्त घेतलंय, त्याच्या शरीरात अनेक परक्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी असणार. अशाच एका हिमोफिलियाच्या रुग्णाचं सीरम ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या सीरमशी जुळवताना त्यांना जे सापडलं, ते निघालं हेपटायटिस बी विषाणूचं आवरण. शोधनिबंध १९६५ चा, नोबेल १९७६ चं.

तरी रक्तानंतरच्या काविळी थांबेनात. त्यामागचा 'सी' विषाणू १९८९ मध्ये सापडला. अमेरिकेत त्याची चाचणी १९९० ला आली, नीट भरवशाची १९९२ मध्ये. एचआयव्हीची १९८५ मध्ये. भारतात एचआयव्हीची तपासणी १९८९ मध्ये सक्तीची झाली, 'सी'ची मात्र २००१ च्या सुमारास. मधल्या दहा वर्षांत किती बाळंतपणं, किती ऑपरेशनं झाली असतील!

चाचणी असली तरी एक फट राहते. संसर्ग ताजा असेल तर अँटिबॉडी तयार व्हायच्या असतात आणि रक्त 'स्वच्छ' दिसतं. ही फट अरुंद करणारी नॅट चाचणी अमेरिकेत १९९९ पासून आहे. भारतात ती सगळीकडे होत नाही. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं, त्यातलं एक दगावलं.

म्हणून थॅलेसेमियाच्या मुलाला घेऊन सुट्टीत गावी जाताय? तर तिकिटाआधी तिथल्या रक्तपेढीला फोन करा, नॅट होते का ते विचारा. बी ची लस पूर्ण झालीय ना, तेही बघा. आणि आजी-आजोबा उन्हाळ्यात ट्रॉयला आले की सहज विचारा, कधी रक्त चढवलं होतं का, कोणत्या साली? जुनं असेल तर 'सी'ची एक तपासणी करून घ्या. हल्ली त्यावर गोळ्या आहेत, दोन-तीन महिन्यांत बहुतेक जण बरे होतात.