यंत्रयुगाचे अक्षर : मिक्रोग्राम्मा आणि युरोस्टिले

ग्रंथाचा इतिहास लिहिताना आपण लेखकाचे नाव घेतो, क्वचित मुद्रकाचेही घेतो. परंतु ज्या वळणाच्या खिळ्यांतून शब्द डोळ्यांपुढे आला, त्या वळणाच्या कर्त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. इटलीतील आल्दो नोव्हारेसे (१९२०–१९९५) हे अशा विस्मृत कर्त्यांपैकी एक होत.

तूरिन येथील नेबिओलो या ओतशाळेसाठी नोव्हारेसे व त्यांचे ज्येष्ठ सहकारी अलेस्सांद्रो बुत्ती यांनी १९५२ मध्ये 'मिक्रोग्राम्मा' हे वळण सिद्ध केले. रोमन अक्षरांच्या टोकांशी परंपरेने येणारे बारीक आडवे फाटे त्यात नाहीत. अक्षरे ऐसपैस रुंद आहेत. आणि 'ओ' हा येथे वर्तुळ राहिलेला नाही. चौकोनाचे कोपरे गोल करावेत व बाजूंना किंचित फुगवटा द्यावा, तसा त्याचा आकार आहे. हा आकार दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून आला, असे पुष्कळदा सांगितले जाते. मला ते फारसे पटत नाही. इटलीत दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले ते जानेवारी १९५४ मध्ये, म्हणजे हे वळण निघाल्यानंतर. पडदा आणि अक्षर ही एकाच अभिरुचीची अपत्ये होत, एवढेच फार तर म्हणता येईल.

मिक्रोग्राम्मात केवळ मोठ्या लिपीची अक्षरे होती. देवनागरीत मोठी-लहान असा भेद नसल्याने ही उणीव आपल्या चटकन ध्यानी यावयाची नाही. पण अशा अक्षरांत शीर्षक शोभते, सलग परिच्छेद वाचवत नाही. १९६२ मध्ये नोव्हारेसे यांनी लहान अक्षरांची जोड देऊन 'युरोस्टिले' सिद्ध केले. बुत्ती तेव्हा हयात नव्हते.

पुढे या अक्षराचे जे झाले, ते त्याच्या कर्त्यांच्या मनात असेल असे वाटत नाही. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटात अंतराळयानांतील लेखनासाठी त्याचे रुंद, ठळक रूप वापरले गेले, गुरुत्वहीन अवस्थेतील शौचालयाच्या लांबलचक सूचनाफलकाचे शीर्षकसुद्धा त्यातच आहे! त्यानंतर विज्ञानपटांनी ते इतके उचलले, की ते दिसताच प्रेक्षकाने भविष्यकाळ ओळखावा. युद्धोत्तर तूरिनच्या वर्तमानासाठी घडविलेले अक्षर अशा रीतीने कायमचे उद्याचे होऊन बसले. परभाषेत गेलेला शब्द मूळ घर विसरून नव्याच अर्थाने नांदू लागतो, हा भाषांतरकाराच्या नित्य अनुभवाचा प्रकार आहे.

त्याहून मला बोचते ती दुसरी गोष्ट. शिशाचे खिळे जाऊन छायाजुळणी आणि मागाहून संगणक आला, तेव्हा नव्या प्रतींत बाजूंचा तो सूक्ष्म फुगवटा पुष्कळसा नाहीसा झाला. उरली ती गोल कोपऱ्यांची खोकी. वळण बाह्यतः तेच होते, नावही तेच होते. आणि तरीही अक्षरातला जीव गेला होता. शब्दाला शब्द ठेवून केलेल्या किती भाषांतरांविषयी असेच म्हणावे लागते! लायनोटाइपसाठी 'युरोस्टिले नेक्स्ट' सिद्ध करताना अकिरा कोबायाशी यांनी तो फुगवटा परत आणला, तो २००८ मध्ये. नोव्हारेसे यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी.