मनोरुग्ण बंद्यांची शुश्रूषा, नागपूर

गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मनोविकृतीच्या कारणास्तव दोषमुक्त ठरलेल्या किंवा शिक्षा भोगत असता मनोविकार जडलेल्या व्यक्तींची वैद्यकीय देखरेखीखाली घेतली जाणारी काळजी. सुरक्षा व उपचार ही तिची दोन अंगे असून त्यांतील ओढाताण तिच्या सबंध इतिहासात आढळते. विदर्भात हा इतिहास मुख्यत्वे नागपूरच्या मनोरुग्णालयाशी निगडित आहे.

कृत्याचे स्वरूप किंवा त्यातील गैरपणा मनोविकृतीमुळे न समजणाऱ्याचे कृत्य अपराध ठरत नाही, हे तत्त्व इंग्लंडमधील मॅक्नॉटन खटल्यानंतर (१८४३) रूढ झाले व भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) कलम ८४ मध्ये ते आले. अशी व्यक्ती दोषमुक्त ठरली, तरी लगेच मोकळी होत नसे. तिला तुरुंगात किंवा वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याचा हुकूम होई. या इस्पितळांसाठी १८५८ चा ३६ वा अधिनियम झाला होता. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर (१८५४) व मध्य प्रांताच्या निर्मितीनंतर (१८६१) नागपुरात १८६४ मध्ये असे इस्पितळ निघाले. त्याच्या परिसरातील ‘पागलखाना चौक’ हे नाव लोकांच्या तोंडी अद्यापि टिकून आहे.

तत्कालीन इस्पितळांत प्रशिक्षित परिचारिका नसत. रुग्ण पहारेकरीवजा नोकरांच्या हवाली असत. रुग्णाचा पूर्ववृत्तांतही बहुधा पोलिसांच्या कागदावरूनच नोंदला जाई. गांजाविषयीच्या चौकशी आयोगाने (१८९३-९४) देशातील इस्पितळांचे दप्तर तपासले, तेव्हा ‘गांजामुळे वेड’ अशा अनेक नोंदी पुरेशा चौकशीवाचून झाल्याचे आढळले.

१९१२ च्या अधिनियमाने गुन्हेगार मनोरुग्णाची व्याख्या केली आणि न्यायालयाच्या हुकुमाने स्थानबद्ध केलेल्यास सहा महिन्यांतून एकदा तरी तुरुंग महानिरीक्षकाने किंवा दोन अभ्यागतांनी भेटून त्याची मनःस्थिती पाहावी, असे बंधन घातले. आरोपी बचाव करण्यास समर्थ झाल्याचा दाखला मिळाला, की तहकूब खटला पुन्हा चाले. तो न मिळाल्यास स्थानबद्धता लांबत जाई व कित्येकदा मूळ गुन्ह्याच्या शिक्षेहूनही दीर्घ ठरे.

या दाखल्याच्या संदर्भात शुश्रूषेला विशेष महत्त्व आहे. वैद्य रुग्णास थोडा वेळ पाहतो. परिचारिका किंवा परिचारक त्याची झोप, आहार, बोलणे, औषध घेणे, आत्मघाताची चिन्हे आणि इतरांशी वागणूक अहोरात्र पाहतात. त्यांच्या रोजच्या नोंदी वैद्यकीय अहवालास आधारभूत ठरतात. पहारा पोलिसांचा, उपचार रुग्णालयाचा, ही विभागणी त्यासाठी आवश्यक असते. कारण परिचारिकेला पोलिसांची हस्तक समजणारा रुग्ण तिच्याशी मोकळेपणी बोलत नाही.

भोर समितीसमोर (१९४६) आलेल्या पाहणीत देशातील बहुतेक मनोरुग्णालये उपचारापेक्षा कोंडून ठेवण्यासाठीच बांधलेली असल्याचे दिसून आले. १९५० नंतर क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे आली व शारीरिक बंधनांची गरज घटली. बंगलोर येथील अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत (स्थापना १९५४) मनोरुग्ण परिचर्येचे शिक्षण सुरू झाले. मात्र राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या १९९९ च्या अहवालानुसार पाहणी केलेल्या ३७ रुग्णालयांपैकी थोड्यांतच या विषयाचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका होत्या. नागपूरचे रुग्णालय १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. पुणे, ठाणे व रत्नागिरी यांसह ते राज्याच्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे.

न्यायालयीन निर्णयांनीही परिस्थिती बदलली. वीणा सेठी खटल्यात (१९८२) हजारीबाग तुरुंगातील काही बंदी वेडाच्या सबबीवर दशकानुदशके अडकून पडल्याचे उघडकीस आले. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये गुन्ह्याचा आरोप नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य ठरविले. १९८७ च्या अधिनियमाने भेटीची मुदत तीन महिन्यांवर आणली.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असणे बंधनकारक असून रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. १ जुलै २०२४ पासून अशा आरोपींची प्रक्रिया भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार चालते. तथापि बऱ्या झालेल्या रुग्णास घरचे लोक स्वीकारीत नसतील, तर सुटकेचा हुकूम होऊनही तो रुग्णालयातच राहतो. म्हणून कुटुंबाशी संपर्क राखणे व त्याला स्वतःची कामे पुन्हा शिकविणे, हे या शुश्रूषेचे अखेरचे व बहुधा सर्वांत कठीण कार्य असते.