पाच कळांत पनवेल

लिनक्सवर मराठी कसं टाइप करतोस, असं पनवेलचे मित्र मला हमखास विचारतात. उत्तर जुनंच आहे. सरकारने १९८६ साली इन्स्क्रिप्ट कीबोर्ड ठरवला: साधारण डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. तरी आपण वर्षानुवर्षं फाँटात अडकलो. तो फाँट नसला की फाइल म्हणजे नुसता कचरा! १९९१ साली युनिकोडमध्ये देवनागरी आली. २००४ साली रेड हॅटने ‘लोहित’ फाँट सगळ्यांसाठी खुले केले.

असो. ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली मराठी जोडा, सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदला. मग एच, व्ही, बी, एस, एन दाबा, ‘पनवेल’ उमटेल. जुन्या फायली मात्र आजच युनिकोडमध्ये आणून ठेवा. तो फाँट उद्या मिळेलच असं नाही.